बोडक्याखालची वाट

कामिसावा वस्तीत तोकुजीला नावानं हाक मारणारं फारसं कोणी नव्हतं. साऱ्या वस्तीचं आडनाव एकच, त्यामुळे माणसं घरावरून नाहीतर कामावरून ओळखली जात. तोकुजी म्हणजे 'पुढचा'. हिवाळ्यात डोंगर ओलांडून खालच्या गावी जायचं झालं की रांगेत सगळ्यांत पुढे तो असे.

मी तिथल्या हिवाळी शाळेवर गेलो तेव्हा मला घाटातून वर त्यानंच नेलं. बर्फ पडलं की खालची मोठी शाळा मुलांच्या आवाक्याबाहेर जाई, म्हणून वस्तीतच देवळाशेजारच्या खोलीत वर्ग भरे. दिवसभराच्या वाटेत तो माझ्याशी एकदाच बोलला. "गुरुजी, पाऊल माझ्या पावलात टाका. शेजारी नको."

अंगानं तो बुटका आणि रुंद होता. शरद ऋतूत कोळशाच्या भट्ट्या लावायचा, त्यामुळे मानेच्या वळ्यांत बारा महिने काळी रेघ असायची. ताज्या बर्फात मात्र त्याच्यासारखं चालणारं कोणी मी पाहिलं नाही. पायात गवताचे जाड बूट आणि त्यांखाली कांजिकी, म्हणजे लाकूड वाकवून केलेली गोल चौकट. ती असली की माणूस गुडघ्याइतकाच रुततो, कमरेइतका नाही. तोकुजी आधी गुडघ्यानं समोरचं बर्फ रेटायचा, मग पाऊल ठेवायचा आणि त्यावर भार देऊन क्षणभर थांबायचा. खालचं बर्फ दबून बसलं की मगच दुसरं पाऊल. मागचे त्याच ठशांत पाय घालून वाट रुंद करत यायचे. दमला की तो बाजूला उभा राहायचा, रांग पुढे जाऊ द्यायचा आणि शेपटाला लागायचा. बर्फ दाबायची पावलं आळीपाळीनं कोणीही टाकी. कुठून जायचं ते मात्र पुढचाच ठरवी, आणि तो शेपटाला असला तरी पुढचा तोच.

त्याची बायको किनु त्याच्या अगदी उलट होती. उंच, हसरी आणि तोंडाची फटकळ. तिच्या मुळ्याच्या लोणच्याचं पिंप वस्तीत सगळ्यांत मोठं होतं आणि आवाजही मोठा. मी त्यांच्याकडे जेवायला गेलो की ती चुलीपाशी बसून मला ऐकवायची, "गुरुजी, आमच्या घरात हा माणूस कधी पुढं आलेला पाहिलाय का? पाणी आणायला मी पुढं, छपरावरचं बर्फ लोटायला मी पुढं. भांडणातसुद्धा मीच पुढं. अहो पुढचे, वाटी तरी पुढं करा!"

तोकुजी वाटी पुढे करायचा आणि खाली मान घालून हसायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ती एकदाच बोलली, तेही भांडी घासता घासता, आणि लगेच विषय बदलला.

वस्तीत डॉक्टर नव्हता. हिवाळ्यात कोणी फार आजारी पडलं की त्याला रजयांत गुंडाळून लाकडी घसरगाडीवर बांधायचं, गडीमाणसांनी दोर ओढायचे आणि डोंगरापलीकडे दवाखान्यात न्यायचं. या कामाचा एक नियम होता आणि तो कोणी मोडत नसे. ज्याच्या घरचं माणूस गाडीवर असेल, त्यानं पुढं चालायचं नाही. त्यानं मागं राहायचं, दोर ओढायचा आणि गप्प बसायचं. घरचा माणूस घाई करतो, दम संपवतो आणि जवळची वाट पाहून सगळ्यांना बर्फाच्या दरडीखाली घालतो, असं जुनी माणसं सांगत. जवळची वाट म्हणजे बोडक्याखालची. बोडका हा एक मोठा उतार. वर-खाली सगळीकडे बीचची झाडं, पण त्या पट्ट्यात एक नाही, कारण काही वर्षांनी एकदा तरी तिथलं बर्फ सुटून सगळं घेऊन खाली येई. त्याच्या पायथ्यानं गेलं की दुपारच्या आत दवाखाना. नाहीतर वरून, धारेनं वळसा घालून जायचं. मग पोचायला संध्याकाळ.

त्या साली नव्या वर्षाचा सण सरला आणि बर्फ थांबेचना. घरांच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून आम्ही ये-जा करत होतो. अशात किनुच्या पोटात दुखायला लागलं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, लोणचं बाधलं. दुसऱ्या दिवशी ती काहीच म्हणाली नाही, तेव्हा बायका घाबरल्या. उजवीकडे ओटीपोटात हात लावू देईना आणि अंग तापलेलं. उजाडता उजाडता वस्तीचे प्रमुख गेन्शिरोकाका तिला पाहून बाहेर आले आणि म्हणाले, "गाडी काढा."

अंगणात माणसं जमली. तोकुजी कांजिकी बांधून न बोलता गाडीच्या मागच्या दोराशी जाऊन उभा राहिला होता. आता पुढं कोण? गेन्शिरोकाकांच्या गुडघ्याला आता बर्फ रेटणं झेपत नव्हतं. राहिला इसाबुरो, तोकुजीखेरीज वाट नेलेला एकटाच.

"मी कडक बर्फात नेलंय काका," इसाबुरो म्हणाला. "हे तर छातीएवढं आहे. आणि अजून पडतंय."

"मग काय तिला म्हणू, थांब बाई, बर्फ कडक होऊ दे?"

इसाबुरो पुढे झाला. आम्ही निघालो. किनुच्या पायाशी कापडात गुंडाळलेले तापवलेले दगड ठेवले होते आणि तिच्या तोंडावरून फडकं घेतलं होतं. आमचे भाताचे गोळे गोठू नयेत म्हणून सगळ्यांनी पोटाशी बांधले होते. मासाओ नावाचा एक तरणा गडी माझ्या शेजारी दोर ओढत होता. तो मधूनच फडक्याकडे वळून म्हणायचा, "वहिनी, ठीक ना?" आणि आतून आवाज यायचा, "ओढ गुमान. बैलासारखा बघतोयस काय मागं?"

जंगलात शिरल्यावर इसाबुरोची दिशा चुकली. ताज्या बर्फानं सगळ्या खाणाखुणा गाडल्या होत्या. त्याला जी सपाट वाट वाटली ती ओढ्यावर धरलेली बर्फाची साय होती. ती फुटली आणि तो कमरेपर्यंत आत गेला. त्याला वर काढून, बूट बदलून, गाडी मागे घेऊन पुन्हा वर चढवेपर्यंत सकाळचा बराच वेळ गेला. इसाबुरोचे दात वाजत होते. गेन्शिरोकाका दम लागलेले, गुडघा धरून उभे होते.

"तोकुजी," ते म्हणाले, "पुढं ये."

तोकुजी जागचा हलला नाही. "नियम आहे, काका."

"नियम मला शिकवतोस? पुढं ये म्हणतो ना."

"मला नका घालू पुढं. माझं मलाच ठाऊक नाही, मी कसा चालीन."

फडक्याखालून किनु बोलली. आवाज बारीक झाला होता, पण शब्द तिचेच होते. "एरवी कोणी न विचारता पळता की पुढं. आज मी मागं आहे तर पाय उचलेना होय?"

तो पुढे गेला. जाताना गाडीपाशी थांबला नाही. मला वाटलं होतं, निदान फडकं सारून तिच्याकडे बघेल. तसं केलं असतं तर त्याला पुढे जाता आलं नसतं, हे मला नंतर कळलं.

वाट फुटते तिथे बीचचं एक मोडकं झाड आहे. त्याच्याशी तोकुजी थांबला. समोर बोडका. खालपासून वरपर्यंत पांढरा, ओरखडासुद्धा नाही. बर्फ पडायचं थांबलं होतं. त्यानं हातातली काठी उतारात खुपसली, काढली, पुन्हा खुपसली. खालचा जुना थर आणि वरचा नवा थर यांचं किती जमलंय, ते काठीच्या हाताला कळतं म्हणतात. मग त्यानं वर धारेकडे पाहिलं. पुन्हा काठी खुपसली. इतका वेळ त्याला कधी लागत नसे.

"खालून जाऊ दादा," मासाओ म्हणाला. "आमची तयारी आहे. एकेक करून सटकू."

तोकुजीनं गेन्शिरोकाकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "माझ्याकडे काय बघतोस? पुढचा ठरवतो."

किनु कण्हली. सगळ्यांनी ऐकलं. तोकुजीनं डोळे मिटले, उघडले आणि बोडक्याकडे पाठ केली.

"वरून," तो म्हणाला.

धारेवर वारा होता आणि बर्फ भुसभुशीत, पिठासारखं. गुडघ्यानं रेटावं तर वरून आणखी तेवढंच ढासळत येई. तोकुजी आपली पाळी झाली की बाजूला होत होता, शेपटाला लागत होता, पुन्हा पुढे येत होता. घाई म्हणून कुठे दिसली नाही. बाजूला उभा असताना गाडी त्याच्या जवळून जाई. तेव्हा किनु विचारायची, "अजून किती हो?" तो म्हणायचा, "आलंच." पुढच्या खेपेला तिनं विचारलं नाही. त्याच्या पुढच्या खेपेला तोच म्हणाला, "आलंच."

उतरणीला लागलो. खालच्या गावाची धुराडी दिसायला लागली तेव्हा तोकुजी पुढे होता. गेन्शिरोकाकांनी फडक्याखाली हात घातला आणि बराच वेळ काढला नाही. मग हात काढून आमच्याकडे पाहिलं आणि नाही अशी मान हलवली. पुढच्याला डोंगरावर असताना असं काही सांगायचं नाही, तीही रीतच. त्याचं मन गेलं की वाट जाते आणि मग रांगेतल्या सगळ्यांचं काय? मासाओ हमसायला लागला तेव्हा काकांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. आम्ही दोर ओढत राहिलो. तोकुजी गुडघ्यानं बर्फ रेटत, पाऊल ठेवत, थांबत, तिच्यासाठी वाट करत राहिला. मला वाटतं त्याला कळलं होतं. मासाओनं "वहिनी, ठीक ना?" विचारायचं थांबवलं होतं, आणि तोकुजीचे कान चांगले होते.

डॉक्टर शहरातून आलेला मवाळ माणूस होता. तोकुजीनं त्याला दारातच विचारलं, "दुपारी आणली असती तर?"

डॉक्टर म्हणाला, "तसं सांगता येत नाही." मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाला, "वाचलीही असती."

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन परत निघालो. पाडलेली वाट वरचीच होती, वरूनच गेलो. धारेवरून खाली बोडका दिसत होता. जसाच्या तसा. सगळ्यांनी पाहिला आणि सगळ्यांनी नजर फिरवली.

त्या हिवाळ्यात तो उतार सुटला नाही. आजूबाजूचे लहान उतार गडगडत आले, त्यांचा आवाज वर्गात ऐकू यायचा आणि मुलं लिहिता लिहिता थांबायची. मी खिडकीतून पाहायचो, तर तोकुजी आपल्या दारात येऊन उभा. आवाज बोडक्याकडचा आहे का, ते तो कानोशानं ओळखायचा आणि पुन्हा आत जायचा. नंतर नंतर तर कांजिकी बांधून तो मोडक्या बीचपर्यंत जाऊन यायला लागला. लोक म्हणत, बिचारा तिच्या वाटेनं फिरतो. मला ते खरं वाटत नसे. तो उतार कोसळण्याची वाट बघत होता. उशिरा का होईना, एकदा कोसळला असता तर तो घरी येऊन झोपला असता.

बोडका वितळत वितळत गेला. वसंतात मी त्याच्याबरोबर तिथे गेलो होतो. ओल्या काळ्या मातीतून रानभाजीचे हिरवे कोंब वर आले होते. किनु या दिवसांत ते टोपलीभर खुडून आणायची आणि मिसोत, सोयाबीनच्या खारट लगद्यात, परतायची. त्यानं एकही खुडला नाही.

"गुरुजी," तो म्हणाला, "तुम्ही होतात त्या दिवशी. तुम्हाला कसा दिसला होता हा?"

"मला त्यातलं काय कळतं, तोकुजी?"

"हं. मला कळतं," तो म्हणाला आणि काठीनं माती उकरत राहिला.

पुढच्या हिवाळ्यात मासाओची बायको अडली. मूल आडवं होतं, सुईणीनं हात टेकले. पुन्हा ताजं बर्फ, पुन्हा गाडी. गेन्शिरोकाका स्वतः तोकुजीच्या दारी गेले. नाही म्हणेल अशी आमची खात्री होती. त्यानं भिंतीवरची कांजिकी काढली आणि बाहेर आला. मासाओ नियमाप्रमाणे मागच्या दोराला होता.

मोडक्या बीचपाशी तोकुजी थांबला. मासाओ मागून रडवेला होऊन म्हणाला, "दादा, वरून जाऊ. दादा, पाया पडतो, खालून नको. हिच्यावर आलं तर..."

"त्याला गप्प करा," तोकुजी म्हणाला. त्यानं काठी एकदाच खुपसली, काढली आणि बोडक्याखाली पाऊल टाकलं. आम्ही अंतर ठेवून, श्वास रोखून, एकेक करून त्याच्या ठशांतून गेलो. वरून चिमूटभर बर्फ सांडलं नाही.

दुपारच्या आत पोचलो. मूल रडल्याचा आवाज आला तेव्हा सगळे हसायला लागले, इसाबुरोनं कुठून तरी साके आणली. मासाओ हातात पेला घेऊन तोकुजीला शोधत बाहेर आला. तोकुजी दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. मी शेजारी होतो.

"दादा, घ्या. तुमच्यामुळे..." मासाओनं पेला पुढे केला.

तोकुजीनं पेला घेतला, पण ओठाला लावला नाही. "मुलगा?"

"मुलगी."

"बरं झालं."

मासाओ आत गेला. तोकुजीनं पेला पायरीवर ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "गेल्या सालीही बोडका असाच होता, गुरुजी. काठीला अगदी असाच लागला होता."

मी म्हटलं, "आत चल, थंडी आहे."

"तुम्ही व्हा पुढं," तो म्हणाला.