दोन मजल्यांचं अंतर

टाळेबंदी नुकतीच लागली होती. घरात दिवसभर बातम्या चालू असायच्या आणि मी गॅलरीत उगाच उभी राहायचे. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर शैलाताई राहतात. त्यांची मुलगी मेघा नर्स आहे. घरच्यांना संसर्ग नको म्हणून ती दवाखान्याजवळच राहायला गेली होती.

एका दुपारी मेघा खाली अंगणात येऊन थांबली. शैलाताईंनी पिशवीला दोरी बांधून डबा खाली सोडला. मेघा कठड्यावर बसून जेवू लागली आणि त्या वरून तिचा घास न् घास बघत राहिल्या. रस्ता इतका शांत होता की मला सगळं ऐकू येत होतं.

"भीती वाटते का गं?" त्यांनी विचारलं.

"वाटते ना. रोज वाटते. तुला?"

"मला तर फार वाटते. नीट जेव, तळाशी अजून भाजी आहे."

भीती बोलून दाखवली की वाढते, असं मी धरून चालले होते. आमच्या घरात आम्ही एकमेकांना "काही होत नाही" म्हणत होतो आणि आपापल्या जागी एकेकटे घाबरत होतो. या मायलेकींनी मात्र भीती जेवणासारखी वाटून घेतली होती.

मी आत जाऊन नवऱ्याशेजारी बसले. "मला भीती वाटतेय रे," मी म्हटलं.

त्याने टीव्ही बंद केला. म्हणाला, "बरं झालं बोललीस. मला वाटलं, मी एकटाच घाबरलोय."