पोर्टचा गोतावळा

वर्क परमिट हातात पडलं त्याच दिवशी मी नवऱ्याला सांगून टाकलं, आता मी घरात बसणार नाही. नागपूरला मी शाळेत संस्कृत शिकवत होते. इथे अमेरिकेत, श्रूजबरीत आल्यापासून माझं शिकवणं रविवारच्या मराठी शाळेपुरतं उरलं होतं. बाकीचा आठवडा डिशवॉशर भरायचा आणि रिकामा करायचा. त्यामुळे इथल्या एका शाळेत सहायक शिक्षिकेची जागा निघाली आणि मला बोलावणं आलं, तेव्हा माझा सगळा जीव त्या नोकरीत अडकला.

मुलाखत म्हणजे पाचवीच्या वर्गावर प्रत्यक्ष पाठ घ्यायचा. विषय त्यांनीच दिला होता, एका मुळापासून तयार होणारे इंग्रजी शब्द. मला हसूच आलं. एका 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार काढून दाखवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. नवरा म्हणाला, "अगं, इझी घे. फक्त स्माइल करत राहा." मी म्हटलं, "स्माइल बघून कोणी शिकलंय का कधी?"

प्रत्यक्षात वर्गात पाऊल टाकलं आणि तोंडाला कोरड पडली. प्रिन्सिपल बाई मांडीवर लॅपटॉप घेऊन मागे बसल्या होत्या. मी फळ्यावर 'पोर्ट' लिहिलं. पोर्ट म्हणजे वाहून नेणं, आज आपण याचा सगळा गोतावळा जमवायचा, असं सांगितलं. ओझं वाहतो तो पोर्टर. सहज उचलून नेता येतं ते पोर्टेबल. माल आत आणला की इम्पोर्ट, बाहेर धाडला की एक्स्पोर्ट. एक मुलगा म्हणाला, ट्रान्सपोर्ट. दुसऱ्याने टेलिपोर्ट आणला आणि वर्ग खिदळला. माझा आवाज मोकळा झाला. आपण कुठे उभे आहोत हेच मी विसरले.

खिडकीशी माझ्या मराठी शाळेतली एक मुलगी बसली होती. घडलेली गोष्ट कोणी आपल्यापर्यंत वाहून आणतं, त्याला काय म्हणायचं, असं मी तिला विचारलं. मला 'रिपोर्टर' हवा होता. ती गप्प. मी म्हटलं, "स्टँड अप अँड थिंक," आणि पुढच्या मुलाकडे वळले. त्यालाही येईना, तोही उभा राहिला. आमच्याकडे हे सांगावंसुद्धा लागत नाही. ज्याला येत नाही त्याने उभं राहायचं, बाई बस म्हणेपर्यंत. मीही लहानपणी तशी उभी राहिले होते आणि रविवारी मीही मुलांना तसंच उभं करत होते.

घंटा झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, अर्धा वर्ग उभा होता. मी कोणालाच बस म्हटलं नव्हतं. पण मुलं हसत होती. काहींनी तर उभं राहायला मिळावं म्हणून मुद्दाम चुकीची उत्तरं दिली होती. ती मुलगी तेवढी मान खाली घालून उभी होती.

ऑफिसमध्ये प्रिन्सिपल बाईंनी दार लावलं. "तुमचा तो उभं राहायचा गेम मस्त होता," त्या म्हणाल्या. "मुलं एकदम खूश. तुम्हीच तयार केला?"

नुसतं थँक यू म्हणायचं होतं, की नोकरी माझी. त्यांच्या मागच्या काचेतून मैदान दिसत होतं. ती मुलगी कुंपणाच्या कडेने एकटीच चालली होती. मला स्वतःचा भयंकर राग आला, आणि रागात मला खोटं बोलता येत नाही.

"तो गेम नव्हता. आमच्याकडे ती शिक्षा असते."

त्यांचा चेहरा उतरला. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, आता नवऱ्याला काय सांगू, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"मला तर कळलंही नसतं," त्या म्हणाल्या. "मग का सांगितलंत?"

"एका मुलीला कळलं होतं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. इथे असं पुन्हा कधीही चालणार नाही, असं बजावलं. मी हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "सोमवारपासून या. पण आधी बाहेर जा आणि तिच्याशी बोला."

इतकी वर्षं वाट पाहिलेली नोकरी मिळाली होती आणि मला धड आनंदही होईना. बाहेर बोचरी थंडी होती. मी त्या मुलीसमोर उकिडवी बसले आणि मराठीतच म्हटलं, "माझं चुकलं बाळा. तुला उभं करायला नको होतं."

"इट्स ओके, काकू," ती म्हणाली. "मला वर्ड येत होता. पण तुम्ही तो फेस केला ना, की मला काहीच आठवत नाही. संडेला पण तसंच होतं."

माझा असा काही चेहरा होतो, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. नागपूरच्या एवढ्या मुलांपैकी एकानेही नाही.

मग तिने विचारलं, "काकू, आर यू गोइंग टू बी हिअर एव्हरी डे?"

"हो," मी म्हटलं. "सोमवारपासून."

तिने टोपी कानांवर खाली ओढली, बुटांकडे बघितलं आणि म्हणाली, "ओके."