जिभेवरची पावडर

आमच्या मुलुंडच्या गल्लीतला तो दुकानदार कपड्यांची पावडर सुटी विकायचा. दोन उघड्या गोण्यांच्या मध्ये स्टुलावर बसून, गिऱ्हाइकाकडे न बघताच विचारायचा, "किती?" त्याच्याशी जास्त बोलावं लागू नये म्हणून मी उत्तर पाठ करून जायचे.

पण धाकट्या भावाच्या अंगावर चट्टे उठले, मग आईच्या मानेवरही उठले, आणि डॉक्टरांनी पावडर बदलायला सांगितली. मी कसंबसं म्हटलं, "काका, घरात सगळ्यांची त्वचा नाजूक आहे. सौम्य कुठली?"

त्याने पहिल्या गोणीतली चिमूट सरळ जिभेवर ठेवली. मी हबकलेच. तो गटारात थुंकला आणि चूळ भरून म्हणाला, "ही नको. जीभ भाजते. इतके दिवस हीच नेत होतीस ना?" मग दुसरी चाखली. "ही ने. आणि आईला सांग, कपडे तीन पाण्यांतून काढायचे."

मला त्याच्याविषयी एकदम आपुलकी वाटली. तेवढ्यात घरोघरी धुणी धुणाऱ्या एक मावशी आल्या. त्यांची बोटं भेगाळून लाल झाली होती. त्याने पहिल्या गोणीतली किलोभर पावडर त्यांना तोलून दिली.

त्या निघाल्या तरी मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले. त्याने पहिल्यांदाच मान वर केली.

"तू विचारलंस, म्हणून सांगितलं. ती कुठे विचारते?"

मावशी अजून गल्लीतच होत्या, हाक ऐकू गेली असती. मी माझी पुडी घेऊन घरी आले.