मिशीतल्या बाई

नागपूरच्या आमच्या नंदनवन वस्तीतल्या चित्रकलेच्या बाई कुणाचेही कपडे मागायला लाजत नसत. संत्रेवालीचं लुगडं, पोस्टमनची टोपी, माझ्या वडिलांचा कोट. ते घालून त्या स्टुडिओत स्वतःचे फोटो काढून घ्यायच्या. "मी कोणकोण होऊ शकते, ते पाहून राहिली वं," असं मला सांगायच्या.

सत्तरच्या दशकात सीताबर्डीच्या एका हॉलमध्ये त्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. मी मदतीला गेले होते. पाहुणे यायच्या आधी व्यवस्थापकांनी माझ्या वडिलांच्या कोटातला, मिशी रेखलेला बाईंचा फोटो भिंतीवरून उतरवला. "बाईच्या जातीले हे शोभत नाही," ते म्हणाले.

बाईंनी आत जाऊन पिशवीतला कोट चढवला, काजळानं ठसठशीत मिशी रेखली आणि रिकाम्या खिळ्याखाली येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय आता?" व्यवस्थापक ओरडले.

"फोटो तर काढला जी तुम्ही. आता मले काढून दाखवा."

पाहुणे दारात पोचले होते. व्यवस्थापकांनी घाईघाईनं फोटो परत टांगला आणि मिशी पुसा म्हणून हात जोडले. बाईंनी ती पुसली नाही. पाहुण्यांना एकेक फोटो समजावत त्या मिशीतच हिंडल्या.

परतताना सायकलरिक्षात मी त्यांच्याशेजारी अंग चोरून बसले. गल्लीतले लोक दारांत येऊन पाहू लागले, तसा मी पदर तोंडावर ओढला.

"तू काहून लपून राहिली वं?" बाई म्हणाल्या. "मिशी तर माझी आहे."

मी पदर खाली घेतला.