नगरपालिकेचे अधिकार आणि सहा मुलं

नागपूरच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवायचे. ‘नगरपालिकेला राज्य देईल तेवढेच अधिकार’ हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारायचे. पोरी निमूट उतरवून घ्यायच्या, मीही निमूट पुसून टाकायचे. लग्न होऊन कॅलिफोर्नियात आले तेव्हा माझं एम.ए. कुणी विचारलं नाही. मग फ्रीमाँटजवळच्या आमच्या गावात घरीच डे-केअर काढलं. राज्याचं लायसन्स घेतलं, सहा मुलं जमवली आणि शरयू मॅडम नाकं पुसू लागल्या. खरं सांगते, कॉलेजपेक्षा इथे माझं जास्त ऐकलं जायचं.

चौऱ्याऐंशी साली सिटीचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस दारात आला. राहत्या वस्तीत धंदा चालणार नाही, महिन्याभरात बंद करा म्हणाला. तक्रार आमची शेजारीण उत्तरा हिची होती, तिची दुपारची झोप मोडते म्हणे. एवढं एकच काम माझं स्वतःचं होतं. ते गेलं असतं तर मी पुन्हा नुसती गुरुदत्तची बायको उरले असते, आणि ते मला नको होतं.

गुरुदत्त म्हणाला, वकील गाठ. मी म्हटलं, नगरपालिका मला कळते. आणि माझ्या वडिलांनी केलं असतं तेच केलं: बेसनाचे लाडू वळले आणि डबा घेऊन सिटीच्या काउंटरवर गेले. तिथल्या गोऱ्या बाईंनी डबा दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवला. मुलं किती, लायसन्स कुणाचं, हे विचारून त्या आत त्यांच्या वकिलाकडे जाऊन आल्या.

“सहा मुलांपर्यंत राज्याने आमचे हात बांधलेत,” त्या म्हणाल्या. “नवा कायदा आहे. तुमचं डे-केअर आम्हाला बंद करता येत नाही.”

राज्याला असं करता येतं? मी थक्क होऊन विचारलं. तेव्हा बाईंनी माझं फळ्यावरचं वाक्य मलाच सावकाश समजावून सांगितलं, इंग्रजीत. मी मान डोलावली. मग गाडीत बसून निम्मे लाडू संपवले.

त्यानंतर मी फार शेफारले. मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात या विषयावर बोलायचे. मला पाहिलं की लोकांना गाडीत काहीतरी विसरल्याचं आठवायचं. उत्तरालाही कुंपणावरून सगळा कायदा ऐकवला, लायसन्स कसं काढायचं त्यासकट. तिची जिरवावी हा हेतू. पण ती मन लावून ऐकत होती, प्रश्नसुद्धा विचारत होती. आयुष्यात प्रथमच अशी विद्यार्थिनी मिळाली म्हणून मी सुखावले.

पुढच्या वर्षी उत्तराने स्वतःचं डे-केअर काढलं. तिच्या अंगणात झोपाळा होता, त्यामुळे माझ्याकडची दोन मुलं तिकडे गेली. मी तणतणत सिटीत पोचले. एका गल्लीत दोन-दोन डे-केअर, हा काय कारभार आहे?

काउंटरवर त्याच बाई होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, “त्यांच्याकडे मुलं किती?”

“सहा,” मी म्हणाले. पुढचं उत्तर मला पाठ होतं.