पाय लागेल

मुलांनो, या सुट्टीत तुम्ही मालवणला येणार, म्हणून हे आधीच लिहून ठेवते.

एकोणीसशे साठच्या सुमारास समुद्रावरच्या कड्याला लागून आमची सार्वजनिक बाग होती. कडेला कठडा नव्हता. तिथे एक बाई अबोलीचे वळेसार, म्हणजे गजरे, विकायची. मान खाली घालून ती फुलं ओवायची, आणि मधूनच कुणाला तरी जागा करून द्यावी तशी सरकून बसायची. शेजारी कुणीच नसायचं.

एका संध्याकाळी तुमची आई, तेव्हा पाच वर्षांची, कड्याकडे धावत सुटली. मी ओरडले, पण ती थांबेना. बाई हळूच म्हणाली, "गो चेडवा, थंय माणसां बसली आसत. तुझो पाय लागतलो."

तुमची आई जागीच थांबली. पाय लागलाच असं वाटून तिने वाकून रिकाम्या गवताला हात लावला आणि नमस्कार केला. तेवढ्यात तिच्या पुढ्यातली माती घसरून खाली गेली.

"कोण बसलंय तिथे?" मी विचारलं.

"जी माणसां कड्याच्या फुडे गेली, ती."

त्यानंतर नगरपालिकेने कठडा बांधला. गवंड्यांनी तो दोन हात आत घेतला, बाहेर बसणाऱ्यांना जागा ठेवून. तो अजून उभा आहे.