सुभेदारांच्या पायातले मासे

आमच्या कुंडलचे आकाराम सुभेदार पलटणीतून रिटायर होऊन आले, तेव्हा गावाला वाटलं, आता हे उसात लक्ष घालतील. त्यांनी ते मोबाइलमध्ये घातलं. जगात जे काही बिनकामाचं आणि भन्नाट विकायला असेल, ते यांना बरोबर सापडायचं. मी त्यांचा चुलत भाऊ. भिंतीला भिंत लागून घर, त्यामुळे प्रत्येक खोकं फोडताना मला हजेरी लावावी लागायची.

एकदा वाजत वाजत घरभर पळणारं गजराचं घड्याळ आलं. विजयमालावहिनी झाडू घेऊन त्याच्यामागं. मग उडत्या तबकडीचा दिवा आला. बटण दाबलं की खाली उजेड पडायचा आणि त्या उजेडात इवलीशी गाय लटकायची. परग्रहावरचे लोक गाय पळवतात म्हणे! गल्लीतल्या जाणत्यांनी दिवा फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं, "गाय खिलार हाय का जर्सी?"

त्यानंतर आल्या चपला. रबरी, पण हुबेहूब मासे! खवले, कल्ले, वटारलेले डोळे, आणि आ वासलेल्या तोंडातून सुभेदारांची बोटं बाहेर. त्या घालून ते डेअरीत दूध घालायला जायचे. खोटं कशाला बोलू, मला त्यांच्याबरोबर चालायची लाज वाटायची.

अशात त्यांच्या शिवांजलीला म्हसवडचं स्थळ आलं. ती आणि तो वीरधवल साताऱ्याला एकाच कॉलेजात शिकवायचे आणि एकमेकांना पसंत होते. घोडं अडलं होतं फक्त त्याच्या आजीपाशी. हरणाबाई माळकरी, घरात अंड्याचंही नाव नाही, आणि शब्द त्यांचाच चालायचा.

"पप्पा, एवढा एक दिवस साधं वागा," पोरगी काकुळतीला आली.

सुभेदारांनी इमानानं सगळा पसारा माळ्यावर टाकला. चपला मात्र दाराबाहेर रांजणाआड राहिल्या. घरात नसलेली वस्तू लपवायचं कुणाच्या ध्यानात येतंय?

पाहुणे आले. शिवांजलीनं पोहे फिरवले. बोलणं रंगात आलं होतं, तेवढ्यात वहिनींचं मांजर तोंडात मासा धरून ऐटीत आत आलं आणि त्यानं तो हरणाबाईंच्या पुढ्यात ठेवला.

मुलाचे काका नाथाजी ताडकन उठले. "माळकऱ्यांच्या पुढ्यात मासा? बोलवून चेष्टा करताय व्हय?"

"आवं, खरा न्हाई," सुभेदार चाचरले. "रबराचा हाय. माझी चप्पल हाय ती."

"ह्या वयात? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"

सुभेदारांनी हात जोडले. "चूक माझी हाय. पोरीवर राग धरू नका. आत्ता टाकतो उकिरड्यावर."

वरच्या अधिकाऱ्यालाही तोंडावर बोलणारा हा माणूस मान खाली घालून उभा होता. मला ते बघवेना. ज्या चपलांना मी हसत आलो, त्या उकिरड्यावर जाऊ नयेत, असं मलाच वाटलं.

शिवांजलीनं ट्रे खाली ठेवला. "टाकायच्या न्हाईत, पप्पा." मग ती हरणाबाईंकडे वळली. "आजी, मला कळतंय तवापासनं ह्यांच्या पायात सरकारी बूटच बघितलं. आता कुठं हौसेचं कायतरी घालत्यात. ते तुमाला चालत नसंल, तर मीबी न्हाई चालनार."

वीरधवल काहीतरी बोलायला उठला, तर हरणाबाईंनी त्याला हातानंच खाली बसवलं.

"आमचं मालक बी पलटणीत हुतं," त्या हळूच म्हणाल्या. "घरी आलं तरी तसंच ताठ. हौस म्हनून कवा काय केलंच न्हाई. तसंच गेलं."

त्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या. मांजराला बाजूला सारून त्यांनी तो मासा उचलला, आपल्या पदरानं पुसला, आणि वाकून सुभेदारांच्या पायापाशी ठेवला. मुलाकडची म्हातारी मुलीच्या बापाच्या पायाशी वाकलेली आमच्याकडं कुणी पाहिली नव्हती.

"घाला," त्या म्हणाल्या. "आन् आमची सून कवा पाठवताय ते सांगा."